फाइल ‘करप्ट’ झाली? आधी तिचे बाइट तर पाहा!

अमरावती : जुनी सीडी संगणकात घालावी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलिखित केलेली मराठी फाइल उघडावी आणि पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसावी, हा अनुभव आज अनेकांच्या वाट्याला येतो. शाळेची स्मरणिका असो, सहकारी संस्थेचे इतिवृत्त असो, वडिलांचे आत्मकथन असो किंवा एखाद्या अभ्यासकाची टिपणे असोत, त्यावर शेजारचा जाणकार एकच निदान करतो : ‘फाइल करप्ट झाली, नव्याने टाइप करा.’ हे निदान पुष्कळदा चुकीचे असते. फाइलमध्ये प्रत्यक्षात काय साठवले आहे, हे दाखविणारे एक साधे साधन जवळजवळ प्रत्येक संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे. ते वापरण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो.

प्रस्तुत प्रतिनिधीलाही हे साधन गरजेपोटीच शिकावे लागले. अकोल्यात शिक्षिका असलेल्या मावशींनी अकोट, तेल्हारा, बाळापूर आणि मूर्तिजापूर तालुक्यांतील गावे पालथी घालून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. २००२ मध्ये त्यांनी त्या एका डीटीपी केंद्रातून टंकलिखित करून घेतल्या. मूळ वह्यांना पुढे वाळवी लागली. मावशी गेल्या, आणि उरली ती एक सीडी. त्या सीडीवरील फाइल उघडली तेव्हा पहिल्याच ओळीत व्ही, डी, के, एस, वाय, के अशी रोमन अक्षरे उभी होती. ‘यात आता काही राहिले नाही,’ असे दोन ठिकाणी सांगण्यात आले. प्रत्यक्षात जवळपास सर्वच ओव्या त्या सीडीत सुखरूप होत्या.

पडद्यामागे काय असते?

संगणकाच्या फाइलमध्ये अक्षरे नसतात, फक्त अंक असतात. आठ बिटांचा एक बाइट होतो आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या बसते. फाइल म्हणजे अशा बाइटांची एक लांबलचक माळ. कोणत्या संख्येला कोणते अक्षर समजायचे, हे ठरविणाऱ्या कोष्टकाला संकेतप्रणाली म्हणतात. आपण फाइल उघडतो तेव्हा प्रोग्रॅम हे कोष्टक स्वतःच्या समजुतीने निवडतो आणि त्यानुसार अक्षरे रंगवितो. समजूत चुकली की पडद्यावर गोंधळ दिसतो, पण माळेतील एकही मणी हललेला नसतो.

म्हणून प्रोग्रॅमचा अर्थ बाजूला ठेवून थेट माळच पाहायची. त्यासाठी ‘हेक्सडंप’ किंवा ‘एक्सएक्सडी’ ही आज्ञा वापरतात. हा प्रकार नवा नाही. १९७१ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका तयार झाली, तेव्हा तिच्यात ‘ओडी’ ही याच कामाची आज्ञा होती. ती संख्या अष्टमान पद्धतीने दाखवीत असे. आज षोडशमान, म्हणजे सोळाच्या पटीतील पद्धत रूढ आहे.

सोळा आण्यांचा हिशेब

सोळाचा हिशेब मराठी माणसाला परका नाही. १९५७ मध्ये दशमान नाणी येईपर्यंत रुपया सोळा आण्यांचा होता आणि शेरात सोळा छटाक असत. षोडशमान पद्धतीत ० ते ९ हे दहा अंक आणि पुढच्या सहा संख्यांसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे वापरतात. ए म्हणजे दहा, एफ म्हणजे पंधरा. रुपये-आणे मांडावेत तशा दोन खुणा शेजारी मांडल्या की एक बाइट पूर्ण होतो. ‘७६’ असे दिसले तर सात रुपये सहा आणे समजा : सात गुणिले सोळा, अधिक सहा, म्हणजे ११८ आणे. ही ११८ संख्या म्हणजे रोमन लिपीतील लहान ‘व्ही’. सर्वांत मोठा बाइट ‘एफएफ’, म्हणजे २५५.

आज्ञा द्यायची कशी?

लिनक्स किंवा मॅक संगणकावर ‘टर्मिनल’ नावाची खिडकी उघडावी. तेथे रोमन लिपीत ‘हेक्सडंप’ हा शब्द, एक जागा सोडून वजाचिन्ह व त्याला लागून कॅपिटल ‘सी’, पुन्हा एक जागा सोडून फाइलचे नाव लिहावे आणि एंटरची कळ दाबावी. विंडोजवर ‘पॉवरशेल’च्या खिडकीत ‘फॉरमॅट-हेक्स’ ही आज्ञा हेच काम करते. ‘एक्सएक्सडी’ ही ‘व्हिम’ या संपादकासोबत येणारी आज्ञा असून तिला कोणतेही जादा चिन्ह न जोडता फक्त फाइलचे नाव दिले तरी चालते.

पडद्यावर तीन स्तंभ दिसतात. डावीकडील स्तंभ आपण फाइलच्या सुरुवातीपासून किती बाइट पुढे आलो आहोत, ते सांगतो. मधल्या स्तंभात एका ओळीत सोळा बाइट असतात. उजवीकडे त्याच बाइटांचे रोमन रूप असते, आणि ज्या बाइटला साधे रोमन अक्षर वा चिन्ह नाही, त्याच्या जागी टिंब असते. जेथे ओळ संपते, तेथे ‘०ए’ किंवा ‘०डी ०ए’ दिसते. शब्दांमधील रिकामी जागा म्हणजे ‘२०’.

येथे एक खाचखळगा आहे. ‘हेक्सडंप’ला वजाचिन्ह आणि ‘सी’ जोडले नाहीत, तर ती आज्ञा दोन-दोन बाइटांची जोडी करते आणि आपल्या नेहमीच्या संगणकांवर जोडीतील क्रम उलटा दाखविते. ‘७६ ६४’ असेल तेथे ‘६४७६’ दिसते. फाइल तीच असते, पण नवशिक्या माणसाची दिशाभूल होते. तेव्हा ते चिन्ह विसरू नये.

एक ‘अकोला’, तीन रूपे

आता मावशींच्या फाइलमधील पहिला शब्द पाहू. मधल्या स्तंभात सहा बाइट होते : ७६ ६४ ६बी ७३ ७९ ६बी. (पडद्यावर हे सारे रोमन लिपीत असते, येथे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहे.) उजव्या स्तंभात व्ही, डी, के, एस, वाय, के. जुन्या मराठी टंकलेखन यंत्राचा कळफलक ज्यांना पाठ आहे, त्यांना उलगडा तत्काळ होईल. त्या कळफलकावर व्हीच्या कळेवर अ, डीवर क, केवर काना, एसवर मात्रा आणि वायवर ल. क्रमाने वाचा : अ, क, काना, मात्रा, ल, काना. शब्द झाला ‘अकोला’.

ही ‘कृतिदेव’ या फॉन्टची पद्धत. त्यात फाइलमध्ये मराठी नसतेच. रोमन अक्षरांचे बाइट असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांची चित्रे चढवितो. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की अंगरखा उतरतो आणि आतील रोमन अक्षरे उघडी पडतात. टंकलेखन शिकलेल्या हातांना ही पद्धत सोयीची होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले असले, तरी छपाईची मांडणी करणारी त्या काळची प्रचलित सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवीत नसत. त्यामुळे दोन दशके छापखाने व कार्यालये अशाच फॉन्टांवर चालली. मराठी वृत्तपत्रांच्या आरंभीच्या संकेतस्थळांवरही बातमी वाचण्यापूर्वी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

दुसरे रूप ‘इस्की’ या भारतीय प्रमाण संकेतप्रणालीचे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने ती प्रमाणित केली. तिच्यात ‘अकोला’ पाच बाइटांत मावते : ए४ बी३ ई५ डी१ डीए. प्रत्येक अक्षराला व प्रत्येक मात्रेला एक-एक बाइट. उजव्या स्तंभात मात्र पाच टिंबे दिसतात, कारण या बाइटांना रोमन अक्षर नाही.

तिसरे रूप आजचे, युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या मांडणीतील. येथे प्रत्येक देवनागरी खुणेला तीन बाइट लागतात. अ म्हणजे ई० ए४ ८५, क म्हणजे ई० ए४ ९५, ओकाराची मात्रा म्हणजे ई० ए५ ८बी, ल म्हणजे ई० ए४ बी२ आणि काना म्हणजे ई० ए४ बीई. एकूण पंधरा बाइट. मधल्या स्तंभात ‘ई० ए४’ आणि ‘ई० ए५’ या जोड्या पुनःपुन्हा येऊ लागल्या, की आपल्यासमोर युनिकोड मराठी आहे, हे न वाचताही सांगता येते.

रिद्धपूरची जुनी किल्ली

हे सारे नव्या युगाचे वाटले, तरी वऱ्हाडने याचाच एक जुना अवतार पाहिला आहे. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे तेराव्या शतकात म्हाइंभट यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे महानुभाव पंथीयांनी आपल्या ग्रंथांचे पावित्र्य व गुप्तता राखण्यासाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपी वापरल्या. त्यांत नेहमीच्या अक्षरांच्या जागी वेगळ्याच खुणा असत. शतकानुशतके या पोथ्या मठांतून जपल्या गेल्या, पण पंथाबाहेरच्या माणसाने पोथी उघडली तरी त्याला एक ओळही लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि प्राचीन मराठी गद्याचे मोठे दालन अभ्यासकांना खुले झाले.

त्या पोथ्यांची शाई पुसली गेली नव्हती आणि पानेही शाबूत होती. कोणती खूण कोणत्या अक्षरासाठी, एवढी किल्ली तेवढी हवी होती. ती किल्ली शोधणाऱ्याला आधी प्रत्येक खूण जशीच्या तशी, स्वतःचा अर्थ न घुसडता पाहावी लागली. हेक्सडंप संगणकावर तेच करू देते. त्याच रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. उद्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांसमोर जुन्या पोथ्यांप्रमाणेच विसाव्या शतकाच्या अखेरच्या अशा फाइलींचे ढीगही येणार आहेत.

जिवंत की मृत? ओळखायच्या खुणा

पहिल्या काही ओळी पाहूनच पुष्कळ निदान होते.

उजव्या स्तंभात रोमन अक्षरे स्वच्छ दिसत असतील, पण त्यांचा अर्थ लागत नसेल, तर टंकयंत्राच्या पद्धतीचा जुना फॉन्ट असण्याची शक्यता मोठी. मजकूर सुरक्षित आहे.

‘ई० ए४’ची रांग दिसत असेल, पण पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चार काटे फुटलेले वर्तुळ यांची माळ दिसत असेल, तर प्रोग्रॅमने युनिकोड मजकूर चुकीच्या कोष्टकाने वाचला आहे. फाइल सेव्ह न करता बंद करावी आणि यूटीएफ-८ हा पर्याय निवडून पुन्हा उघडावी.

‘सी३ ए० सी२ ए४’ असा क्रम दिसला, तर कोणीतरी तो चुकीचा अर्थच सेव्ह करून ठेवला आहे. बहुतेक वेळा ही प्रक्रिया उलटी फिरवून मजकूर मिळतो. मात्र या वाटेत काही बाइट गळू शकतात, विशेषतः अक्षराचा पाय मोडणारी खूण आणि ऱ्हस्व उकार. म्हणून जोडाक्षरे बारकाईने तपासावीत.

एकाआड एक ‘०९’ दिसत असेल आणि आरंभी ‘एफएफ एफई’ असेल, तर ती युनिकोडचीच ‘यूटीएफ-१६’ ही दुसरी मांडणी होय.

सुरुवातीचे बाइट फाइलची जातही सांगतात. ‘२५ ५० ४४ ४६’ म्हणजे पीडीएफ, ‘एफएफ डी८ एफएफ’ म्हणजे जेपीईजी छायाचित्र, ‘५० ४बी’ म्हणजे झिप, आणि ‘डी० सीएफ ११ ई०’ म्हणजे वर्डच्या जुन्या पद्धतीची फाइल. नावाच्या शेवटी काहीही लिहिलेले असो, विश्वास या बाइटांवर ठेवावा. नाव चुकल्यामुळे न उघडणारी फाइल केवळ नाव दुरुस्त करताच उघडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आता वाईट बातमी. मधल्या स्तंभात ‘००’ची अखंड रांग असेल, तर तेथे मजकूर उरलेला नाही. आणि ‘३एफ ३एफ ३एफ’ अशी रांग असेल, तर ती खरोखरची प्रश्नचिन्हे आहेत. ज्या प्रणालीत देवनागरीला जागाच नाही, अशा जुन्या पद्धतीने युनिकोड मराठी सेव्ह केली, की प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसते. ‘अकोला’चीही पाच प्रश्नचिन्हे आणि ‘वाशीम’चीही पाचच. त्यातून मूळ शब्द परत मिळविण्याचा मार्ग नाही.

मावशींच्या सीडीत अशी एक फाइल निघाली. अखेरच्या काळात त्यांनी स्वतः युनिकोड शिकून काही ओव्या संगणकावर उतरविल्या होत्या. सेव्ह करताना आलेली सूचना त्यांना उमगली नसावी. आज त्या फाइलमध्ये ओळी किती, प्रत्येक ओळीत शब्द किती आणि प्रत्येक शब्दात खुणा किती, हे अचूक मोजता येते. ओवी मात्र वाचता येत नाही.

‘मले’ की ‘मला’?

बाकीच्या फाइली कृतिदेवमधून युनिकोडमध्ये आणल्या. त्यासाठी रूपांतर करणारे अनेक प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. हे काम नुसते अक्षरास अक्षर ठेवण्याचे नाही. ‘विदर्भ’ हाच शब्द घ्या. कृतिदेवमध्ये आधी ऱ्हस्व वेलांटी, मग व, मग द, मग भ आणि शेवटी रफार असा डोळ्यांना दिसणारा क्रम साठविलेला असतो. युनिकोडमध्ये व, वेलांटी, द, पाय मोडलेला र आणि भ असा उच्चाराचा क्रम लागतो. रूपांतरात वेलांटी मागून पुढे आणि रफार पुढून मागे न्यावा लागतो. जुन्या फाइलींच्या रूपांतरात वेलांट्या व रफार भलतीकडे जातात, ते यामुळेच.

त्याहून मोठा धोका शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा निघाला. रूपांतरित प्रतीत अनेक ठिकाणी ‘मला’ असे आले होते. वऱ्हाडातील बाई जात्यावर बसून ‘मला’ म्हणेल, हे कानाला पटेना. शंका मिटविण्यासाठी मूळ फाइलचे बाइट पाहिले. तेथे होते ६५ ७९ ७३ : म, ल आणि मात्रा, म्हणजे ‘मले’. ‘मला’ असते तर शेवटचा बाइट ७३ ऐवजी ६बी असता. डीटीपी केंद्रातील अनामिक टंकलेखकाने वऱ्हाडी शब्द इमानाने टंकला होता. रूपांतरानंतर चाललेल्या प्रोग्रॅमने तो चूक समजून ‘सुधारला’ होता. ‘तुले’ आणि ‘काहून’ यांचीही हीच गत झाली होती. एका बाइटच्या फरकाने बोली नाहीशी होत होती, आणि त्याचा पुरावा फक्त त्या मूळ फाइलमध्ये होता.

रूपांतर झाले म्हणून जुनी फाइल टाकून देऊ नये, हा धडा त्यातून मिळाला. नवी प्रत वाचण्यासाठी, तर जुनी साक्षीसाठी.

एवढी काळजी घ्या

काम सुरू करण्यापूर्वी सीडी किंवा पेनड्राइव्हवरील फाइलींची प्रत संगणकावर घ्यावी आणि जे काही करायचे ते त्या प्रतीवरच करावे. हेक्सडंप फाइल केवळ वाचते, बदलत नाही. मात्र आज्ञेच्या शेवटी ‘पेक्षा मोठे’ हे गणिती चिन्ह देऊन पुढे त्याच फाइलचे नाव लिहिले, तर आज्ञा चालण्यापूर्वीच ती फाइल रिकामी होते. हे चिन्ह जपून वापरावे.

पडद्यावर गोंधळ दिसला तर ‘सेव्ह करायचे का?’ या प्रश्नाला नेहमी ‘नाही’ असे उत्तर द्यावे. चुकीचे वाचलेले पुन्हा नीट वाचता येते, चुकीचे लिहिलेले दर वेळी निस्तरता येत नाही. जुन्या फाइलींसोबत त्यांचा फॉन्टही जपून ठेवावा आणि फाइल कोणत्या फॉन्टमध्ये, कोणत्या वर्षी, कोणी टंकली, याची एक ओळ कागदावर लिहून सीडीच्या वेष्टनात ठेवावी. नव्या मजकुरासाठी यूटीएफ-८ हीच मांडणी निवडावी.

सीडी कायम टिकत नाही आणि ती वाचणारी यंत्रे नव्या संगणकांतून नाहीशी होत आहेत. घराच्या कपाटात, शाळेच्या कार्यालयात किंवा गावच्या वाचनालयात अशी एखादी सीडी पडून असेल, तर तिला ‘करप्ट’ ठरवून भंगारात देण्यापूर्वी तिच्यातील एका फाइलच्या पहिल्या सोळा बाइटांवर नजर टाका. तेथे ३एफची रांग नसेल, तर आतला माणूस बहुधा अजून बोलतो आहे.